‘वजा वजा अधिक’ला सहावीच्या वर्गाबाहेर ठेवा

सहावीच्या फळ्यावर −५ − ३ लिहा. +८ असं उत्तर देणारी मुलं निघतातच, आणि ती वर्गातली कच्ची मुलं नसतात. कारण विचारलं की ठसक्यात सांगतात, ‘वजा वजा अधिक.’ त्यांनी नियम नीट पाठ केलेला असतो. फक्त तो या गणिताचा नसतो. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन येतो, हा सातवीचा भाग. पण त्याचं तीन शब्दांचं यमकासारखं रूप थोरल्या भावंडांकडून, शिकवणीतून, मोबाइलवरच्या पाच मिनिटांच्या व्हिडिओतून आणि कित्येकदा वर्गातल्या फळ्यावरूनच मुलांच्या हाती एक वर्ष आधी पडतं. मग जिथे जिथे दोन आडव्या रेघा दिसतील तिथे तिथे मूल त्यांची एक उभी-आडवी फुली करून टाकतं.

ही घोषणा सहावीत अजिबात शिकवू नये, मुलानं बाहेरून आणली तर ती काही आठवडे बाजूला ठेवायला सांगावं, आणि चिन्हांचे नियम मुलांना हातातल्या वस्तूंवरून स्वतः सापडू द्यावेत, असं आमचं म्हणणं आहे. यात नवं तंत्रज्ञान नाही, खर्च तर जवळजवळ नाहीच. लागतात ते चिंचोके आणि तीन मराठी शब्द.

आधी शब्दांचं पाहू. ती आडवी रेघ एकटी तीन कामं करते. ८ − ५ मध्ये ती कृती सांगते: आठातून पाच काढा. −५ मध्ये ती संख्येचाच भाग असते. आणि −(−५) मध्ये बाहेरची रेघ म्हणते, ‘आत जे आहे त्याच्या विरुद्ध.’ मराठीत या तिन्हींना वेगळे शब्द आहेत: वजा, ऋण आणि विरुद्ध संख्या. पाठ्यपुस्तकातही ते येतात. वर्गात मात्र सगळ्याचं ‘मायनस’ होतं. ‘मायनस फाइव्ह मायनस मायनस थ्री’ हे वाक्य ऐकून मुलानं नेमकं काय करायचं? तेच ‘ऋण पाचमधून ऋण तीन वजा करा’ असं वाचलं, तर ‘मधून’ या शब्दानंच अर्धं काम होतं. काय हातात आहे आणि त्यातून काय काढायचंय, हे वाक्यातच कळतं. मराठी माध्यमाच्या शाळांतल्या सेमी-इंग्रजी तुकड्यांत हा फायदा आपण हातानं घालवतो. तिथेही संख्येला ‘निगेटिव्ह’ आणि कृतीला ‘मायनस’ असं कटाक्षानं म्हणता येतं, फक्त शिक्षकानं स्वतः घसरायला नको. शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर वजाबाकीची कळ वेगळी आणि ऋण चिन्हाची वेगळी असते. यंत्र बनवणाऱ्यांनी जो भेद पाळला, तो आपण फळ्यावर पुसून टाकतो.

चौथा शब्दही आहे: उणे. लेहचा पारा उणे दहाच्या खाली गेल्याचं मराठी वर्तमानपत्र सांगतं तेव्हा ते ‘ऋण दहा’ म्हणत नाही. हा ‘उणे’ तर मुलाच्या जिभेवर पहिल्यापासून आहे. एकोणीस म्हणजे एक ऊन वीस. पावणेतीन म्हणजे तिनाला पाव उणा. घड्याळात पावणेतीन वाजले हे सांगणारं मूल तीन आणि ऋण पाव यांची बेरीज करूनच बसलेलं असतं, त्याला कुणी तसं सांगितलेलं नसतं एवढंच.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीनं ‘साठ तीन’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मंगला नारळीकरांसारख्या गणितज्ञ विदुषींना त्या बदलामागची भूमिका पुन्हा पुन्हा समजावून सांगावी लागली, चर्चा विधिमंडळापर्यंत गेली, विनोद झाले. बाजू कुठलीही घ्या, संख्या कशी उच्चारायची याचा समजुतीशी संबंध असतो हे तेव्हा सगळ्यांनीच मान्य केलं होतं. मग ऋण संख्येच्या उच्चाराबद्दल इतकी शांतता का?

दुसरं मूळ आणखी मागे, दुसरी-तिसरीत आहे. ५२ − २८ करताना आपण म्हणतो, ‘दोनातून आठ जात नाहीत, म्हणून दशक सुटा करा.’ हे चार वर्षं ऐकलेल्या मुलासमोर ३ − ८ येतं तेव्हा ते निमूटपणे आठातून तीन काढून ५ लिहितं, कारण लहानातून मोठी संख्या जात नाही हा त्याच्या लेखी निसर्गनियम असतो. दुसरीतल्या बाईंनी एवढंच म्हणावं: ‘दोनातून आठ काढले तर कमी पडतात, म्हणून दशक सुटा करू.’ ‘कमी पडतात’ आणि ‘जात नाहीत’ यांतला फरक सहावीत कामाला येतो. तीनातून आठ काढले तर किती कमी पडतात? पाच. हे पाच ‘कमी’ लिहायची रीत म्हणजे −५.

आता चिंचोके. चिंचोका फोडून त्याची दोन दलं केली की प्रत्येक दल एका बाजूनं पांढरं आणि दुसरीकडून तपकिरी असतं. फोडताना तुकडे होत असतील तर अख्ख्या चिंचोक्याची एक बाजू खरखरीत फरशीवर घासा. पटावरच्या खेळांत फाशांऐवजी जे चिंचोके वापरतात तेच हे. पांढरी बाजू म्हणजे +१, तपकिरी म्हणजे −१. दर दोन मुलांत तीस दलं आणि ती मांडायला एक ताटली पुरते. दोन रंगांच्या बटणांपेक्षा किंवा राजमा-पावट्यापेक्षा चिंचोका सरस आहे, कारण तो पालथा घालता येतो. +४ ची विरुद्ध संख्या कोणती? चारही दलं उलटा. −(−४)? पुन्हा उलटा. ‘विरुद्ध’ हा शब्द इथे हाताची हालचाल होतो.

पहिल्या दोन तासिका बेरीज-वजाबाकी करूच नये. फक्त शून्यजोडी शिकवावी: एक पांढरं आणि एक तपकिरी मिळून शून्य. मग मुलांना सांगावं, ‘+३ मांडा.’ कुणी तीन पांढरी ठेवेल. ‘वेगळ्या प्रकारे मांडा.’ चार पांढरी, एक तपकिरी. सात पांढरी, चार तपकिरी. ‘शून्य मांडा, पण ताटली रिकामी नको.’ पुढची सगळी इमारत या पायरीवर उभी राहते, आणि घाईत पहिली उडी मारली जाते ती हिच्यावरूनच. एकच संख्या अनेक मांडण्यांत राहू शकते आणि शून्यजोड्या टाकल्या-काढल्या तरी तिला धक्का लागत नाही, हे बोटांना कळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. प्राचीन भारतीय गणिती ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मध्ये हेच सांगितलं होतं: धन आणि ऋण यांची बेरीज म्हणजे त्यांच्यातलं अंतर, आणि दोन्ही सारखी असली तर शून्य.

बेरीज मग सोपी जाते. −५ + ३: पाच तपकिरी, तीन पांढरी, तीन जोड्या उचलल्या, दोन तपकिरी उरली, उत्तर −२. इथली नेहमीची चूक अशी की मूल जोड्या न उचलता ताटलीतली सगळी आठ दलं मोजतं आणि पहिलं चिन्ह पाहून −८ लिहितं. कागदावर हीच चूक करणाऱ्या मुलाला −५ + ३ हे −(५ + ३) सारखं दिसत असतं. उपाय साधा आहे: जोडी झाली की ती ताटलीच्या कडेला सरकवायची, आणि मधे उरतील तेवढीच मोजायची.

वजाबाकीत उदाहरणांचा क्रम फार महत्त्वाचा, आणि तो सहसा उलटा घेतला जातो. ५ − (−३) पासून सुरुवात करू नका, ते सर्वांत अवघड आहे. सुरुवात करा −५ − (−३) पासून. पाच तपकिरी दलांतून तीन तपकिरी काढा. दोन तपकिरी उरली, −२. कसलीही युक्ती लागत नाही, आणि ‘वजा वजा अधिक’वाल्या मुलालाही दिसतं की उत्तर तर ऋणच आलं. मग ज्यात काढायला रंग आहे पण पुरेसा नाही अशी गणितं: −३ − (−५). तीनच तपकिरी आहेत, काढायची पाच. कमी पडतात दोन, म्हणून दोन शून्यजोड्या आणा. आता पाच तपकिरी, दोन पांढरी. पाच तपकिरी काढली, दोन पांढरी उरली, +२. याच रीतीनं ३ − ८ सुटतं: पाच जोड्या आणल्या, आठ पांढरी काढली, पाच तपकिरी उरली. दशक सुटा करण्याची आठवण मुलांना इथे होते, आणि ती तुलना अगदी योग्य आहे. काढायला पुरत नाही म्हणून किंमत न बदलता मांडणी बदलायची.

शेवटी येतं ५ − (−३). ताटलीत पाच पांढरी, तपकिरी एकही नाही, आणि काढायची तीन तपकिरी. तीन शून्यजोड्या आणा: आठ पांढरी, तीन तपकिरी. तपकिरी तीन काढली, आठ पांढरी उरली. इथे थांबून एकच प्रश्न विचारायचा: ‘जोड्या आणल्या आणि त्यातली तपकिरी काढली, मग जास्तीचं काय राहिलं?’ तीन पांढरी. म्हणजे ऋण तीन वजा करणं आणि धन तीन मिळवणं एकच ठरलं. −५ − ३ मध्ये याचीच दुसरी बाजू दिसते: तीन जोड्या आणल्या, तीन पांढरी काढली, आठ तपकिरी उरली, −८. संख्या वजा करणं म्हणजे तिची विरुद्ध संख्या मिळवणं. हा नियम मुलांनी आपल्या तोंडानं सांगितला की वहीत लिहायचा, आधी नाही. इथली ठरलेली चूक म्हणजे जोडीऐवजी एकाच रंगाची तीन दलं आणणं. ‘आणल्यावर ताटलीची किंमत बदलली का?’ हा प्रश्न शेजारच्या मुलानं विचारायचा, म्हणून तर जोडीनं बसवायचं.

चिन्ह लिहिण्याबाबत एक सूचना, थोडी वादग्रस्त. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या बीजगणितात ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब असतं. पहिले पंधरा दिवस फळ्यावर तसंच लिहून पाहावं, म्हणजे वजाबाकीची रेघ आणि ऋणाची खूण यांची गल्लत होणारच नाही. हे टिंब अनुस्वारासारखं दिसतं याची मुलांना गंमत वाटेल, वाटू द्या. नंतर कंस आणि रेघेवर यायचंच आहे. खुणा माणसं ठरवतात, हेही यातून कळतं: बक्षाली हस्तलिखित या जुन्या भारतीय गणिताच्या पोथीत तर ऋण दाखवायला संख्येनंतर आजच्या अधिकसारखीच खूण येते.

चिंचोक्यांची मर्यादा दहा-बाराच्या पुढे कळते. −४७ − (−८३) ताटलीत मावत नाही. तिथे संख्यारेषा हवी, पण कोणत्या रीतीनं? ‘तोंड डावीकडे करा, मग मागे चाला’ ही प्रचलित रीत आम्हाला पटत नाही. तिच्यात चिन्हानं तोंड फिरवायचं की कृतीनं, हे पुन्हा पाठच करावं लागतं, आणि मुलं सुरुवातीचा बिंदूच ‘एक’ म्हणून मोजतात ती वेगळीच. त्यापेक्षा वजाबाकी ‘कुठून कुठे’ अशी वाचावी. ५ − (−३) म्हणजे −३ पासून ५ पर्यंत जायचं: आठ पावलं वर, +८. −५ − ३ म्हणजे ३ पासून −५ पर्यंत: आठ खाली, −८. −५ − (−३): −३ पासून −५, दोन खाली. −४७ − (−८३): −८३ पासून −४७ पर्यंत छत्तीस वर, +३६. एकच प्रश्न, चारही प्रकारांना. रेषा उभी काढावी. विहिरीच्या पायऱ्यांसारखी, शून्य काठावर. आडव्या रेषेवर −७ हा −२ पेक्षा लहान का, हे समजावत बसावं लागतं. उभ्या रेषेवर तो खाली असतो, बस्स.

पाठ्यपुस्तकी संदर्भांबद्दल सावधपणा हवा. तापमानाची उदाहरणं कागदावर छान दिसतात, पण महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की बातमी होते अशा आपल्या राज्यात बहुतेक मुलांनी शून्याखालचं तापमान फक्त फ्रीजच्या वरच्या कप्प्यातच अनुभवलेलं असतं. शिवाय दोन तापमानांची बेरीज निरर्थक आहे. −५ अंश ही स्थिती, +३ हा बदल. हा भेद न सांगता ‘−५ अंश अधिक ३ अंश’ म्हटलं की चाणाक्ष मूल अडतं, आणि त्याचं बरोबर असतं. फरक काढायला मात्र तापमान उत्तम: पहाटे −३, दुपारी ५, पारा किती चढला? लिफ्टचंही तसंच. आपल्याकडे तळमजला शून्य धरतात म्हणून जमतं. अमेरिकेतल्या मराठी शाळेत हे उदाहरण नेलं तर तिथे जमिनीलगतचा मजलाच पहिला, मधलं शून्य गायब!

उधारीचं उदाहरण बेरजेला चालतं. वाण्याकडे ५०० ची उधारी आणि खिशात ३०० रुपये. पण मूल म्हणतं, ‘तीनशे तर आहेत की!’ खरंच आहेत. उधारी आणि रोख एकाच वेळी असू शकतात. दोन्ही एकमेकांत वळते केले तर काय उरेल हा प्रश्न आपण ठरवून विचारतो, आणि तोच शून्यजोडीचा विचार आहे. ऋण वजा करण्यासाठी तर महाराष्ट्रात शब्द शोधायला नको. २०१७ मध्ये दीड लाखापर्यंत आणि २०१९ च्या योजनेत दोन लाखांपर्यंतच्या पीककर्जाची माफी जाहीर झाली. हातात एक रुपयाही न येता माणूस तेवढ्यानं वर येतो, हे खेड्यातल्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही. मात्र वर्गातल्या कुणाच्या घरच्या कर्जाचं उदाहरण चुकूनही घेऊ नये. त्याऐवजी प्रश्नमंजूषा घ्या. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला −१. तीन बरोबर, दोन चूक: १० गुण. मग पंचांनी मान्य केलं की एक प्रश्नच सदोष होता आणि त्याबद्दल कापलेला गुण मागे घेतला. ऋण एक वजा झाला, गुण ११ झाले.

घोषणा काढून टाकली तरी आणखी एक नियम छळतो: ‘चिन्हं वेगळी असतील तर वजाबाकी करा आणि मोठ्या संख्येचं चिन्ह द्या.’ मागच्याच आठवड्यात आपण शिकवलेलं असतं की ४ ही −७ पेक्षा मोठी आहे. मग −७ + ४ ला मोठ्या संख्येचं चिन्ह द्यायचं तर उत्तर +३ यायला हवं! प्रामाणिक मूल इथे चुकतं, आणि न विचार करणारं मूल बरोबर ठरतं. नियम द्यायचाच असेल तर ‘शून्यापासून जी जास्त लांब, तिचं चिन्ह’ असा द्या.

वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप खरा आहे. चाळीस मुलांच्या वर्गात चिंचोके वाटणं-गोळा करणं यातच दहा मिनिटं जातात. नियम सांगून वीस गणितं घोटली तर घटक चाचणीत गुणही चांगले पडतात. पण त्या चाचणीत एका प्रकारची गणितं एकाखाली एक येतात, म्हणून. प्रकार मिसळले की पडझड दिसते. आणि खरी किंमत आठवीत मोजावी लागते, जेव्हा ३क्ष − (२क्ष − ५) मधला कंस सोडवताना मूल −५ तसंच ठेवतं. कंसातलं सगळं काढायचंय, त्यात ऋण पाचही आलं, हे त्याला दिसत नाही. चार-पाच तासिका जास्त घालवल्यानं जे वाचतं, ते आठवीच्या शिक्षकाला वाचतं. सहावीच्या शिक्षकाला त्याचं श्रेय मिळत नाही, ही व्यवस्थेची अडचण आहे.

तोपर्यंत निदान एक कागद करता येईल. घटक संपल्यावर सहाच गणितं, प्रकार मिसळून: ३ − ८, −५ + ३, −५ − ३, −५ − (−३), ५ − (−३), −३ − (−५). गुण देऊ नका, चुकीची उत्तरं वाचा. पहिल्याचं ५ आलं तर दुखणं दुसरी-तिसरीतलं आहे, तिथून सुरू करा. दुसऱ्याचं −८ आलं तर शून्यजोडी झालेलीच नाही. तिसऱ्याचं +८ म्हणजे घोषणा पोहोचली आहे. तिसऱ्याचंच −२ आलं तर मूल पाचातून तीन काढून पुढे चिन्ह चिकटवतंय. चौथ्याचं −८ आलं तर कंसातली रेघ वाचलीच गेली नाही. आणि पाचवं बरोबर पण चौथं आणि सहावं दोन्ही ८, असं आलं तर नक्की समजा: मुलानं एकाही ठिकाणी विचार केलेला नाही, दोन रेघा दिसल्या की बेरीज केली आहे. त्याचं पाचवं गणितही चूकच धरा, आणि ताटली पुन्हा पुढ्यात ठेवा.